डास नसलेली गल्ली

चित्राक्काला मी शेवटची भेटले ती रुग्णालयातल्या डायलिसिसच्या खोलीत. दुपारची वेळ होती. बाहेर चेन्नईचं ते पांढरं, डोळे मिटायला लावणारं ऊन, आणि आत एसी इतका गार की तिने पायांत जाड लोकरी मोजे घातले होते. फिनलंडहून आणलेले. एका हाताला नळ्या जोडलेल्या, शेजारी यंत्र संथपणे फिरत होतं, आणि ती मान वळवून बाजूच्या खाटेवरच्या माणसाशी तमिळमध्ये बोलत होती. कुठे राहता, किती वर्षं राहता, घरात बोअर आहे का, प्यायलाही तेच पाणी का... पन्नाशीचा रिक्षावाला होता तो. आधी कंटाळल्यासारखी उत्तरं देत होता. मग त्याने आपल्या गल्लीचं नाव सांगितलं आणि चित्राक्काचे प्रश्न तिथेच थांबले. नर्स हसून मला म्हणाली, "मॅडम इथेही वर्ग घेतात." चित्राक्का हसली नाही. छताकडे पाहत, रिक्षावाल्याला कळू नये म्हणून मराठीत म्हणाली, "वैजू, हा कारखान्याच्या पलीकडल्या गल्लीतला. मी फक्त अलीकडचंच पाणी तपासलं गे."

त्याच आठवड्यात, शाळेची प्रार्थना संपून मुलं वर्गांकडे निघालेली असताना तिच्या मुलीचा, अनूचा फोन आला. अनू एरवी माझ्याशी इंग्रजीत बोलते. त्या दिवशी मराठीत बोलली. "मावशी, अम्मा गेली." एवढंच... मी व्हरांड्यात उभी होते, समोरून मुलांची रांग चालली होती, आणि तिच्या जाण्याचं दुःख मनात शिरायच्या आधी तो रिक्षावाला डोळ्यांसमोर आला. आता पलीकडचं पाणी कोण तपासणार?

या गोष्टीला आता काही आठवडे झाले आहेत. चित्रा राव हे नाव वाचकांना माहीत असण्याचं कारण नाही. तांबरमच्या एका शाळेत ती रसायनशास्त्र शिकवायची आणि मी त्याच शाळेत भौतिकशास्त्र. मी सोलापूरची, लग्नानंतर चेन्नईत आलेली. ती तंजावरकडच्या मराठी घरातली, कित्येक पिढ्यांपासून इथली. ओळख मात्र शाळेत नाही, मांबलम स्टेशनवर झाली; ती तेव्हा शाळेत नवीन होती. मी फोनवर आईशी बोलत होते आणि बाकावर बसलेली एक बाई माझ्याकडे टक लावून पाहत होती. फोन ठेवल्याबरोबर म्हणाली, "तुम्ही मराठी की? मजही मराठी येतें. पण आमचें ऐकून हंसूं नका." मी हसले नाही, पण चकित मात्र झाले. तिच्या तोंडात 'मज' आणि 'कोठें' असे शब्द होते आणि सूर सगळा तमिळ. त्यानंतर सात-आठ वर्षं आम्ही तांबरमच्या गाडीने एकत्र गेलो-आलो. माझ्याशी बोलून बोलून तिची मराठी माझ्यासारखी होत गेली, आणि माझ्या बोलण्यात तिचं 'गे' आलं ते अजून गेलेलं नाही.

ओळख झाली तेव्हा ती नुकतीच विधवा झाली होती आणि अनूला घेऊन वेस्ट मांबलमला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आली होती. त्याआधीचा तिचा सगळा संसार चेन्नईच्या आवडी नावाच्या उपनगरापुढच्या एका गल्लीत झाला. तिचे यजमान मोहनराव आवडीला सरकारी नोकरीत होते. क्वार्टर सोडून त्यांनी तिथे हौसेने घर बांधलं, दारात नारळ लावले, बोअर मारली. गल्लीच्या मागे एक उंच भिंत होती आणि भिंतीमागे धातूंवर मुलामा चढवायचा एक खाजगी कारखाना. हे लोक राहायला आले तेव्हाच तो बंद पडलेला होता. पावसाळ्यात भिंतीच्या पायथ्याशी हिरवट पाण्याचं एक डबकं साठायचं. चित्राक्का मला त्या डबक्याविषयी पहिल्यांदा बोलली ती कौतुकाने. सगळ्या आवडीला डेंग्यूचा ताप येतो, म्हणाली, पण आमच्या गल्लीत कोणाला येत नाही. त्या डबक्यात डासच होत नाहीत. गल्लीतले लोक पाहुण्यांना हे अभिमानाने सांगायचे...

मोहनरावांना ना साखर होती ना रक्तदाब. एका वर्षी सकाळी उठल्यावर त्यांचा चेहरा सुजलेला दिसायला लागला. मग घोटे सुजले. मूत्रपिंडं निकामी होत आली आहेत हे कळेपर्यंत उशीर झाला होता. डॉक्टरांनी वेदनाशामक गोळ्यांबद्दल विचारलं, घराण्यात कोणाला हा आजार होता का ते विचारलं. कशाचंच उत्तर 'हो' नव्हतं. "कधी कधी कारण सापडत नाही," असं डॉक्टर म्हणाले. त्याच गल्लीत समोरच्या घरातले टेलर आधीच त्या आजाराने गेले होते. मोहनरावांच्या पाठोपाठ कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराची बायको आजारी पडली. प्रत्येक घराला ते आपलंच नशीब वाटत होतं. चित्राक्काला मात्र ते 'कारण सापडत नाही' पटेना. "मुलांना मी वर्गात काय शिकवते?" गाडीत एकदा ती म्हणाली. "कारण नाही असं काहीच होत नाही. कोणी शोधलं नाही, एवढंच."

आणि वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी तिने ठरवलं की आपण परदेशी जाऊन पर्यावरणशास्त्र शिकायचं. अनूचं कॉलेज संपलं होतं, तिला नोकरी लागली होती. चित्राक्का संध्याकाळी शाळेतल्या संगणकावर बसून विद्यापीठांना अर्ज करायची. स्टाफरूममध्ये हसू झालं. आमचे हेडमास्तर म्हणाले, "बाई, या वयात लोक काशीला जातात." तिच्या सासूबाई, कमलाबाई, ज्यांना ती आत्याबाई म्हणायची, त्या आवडीच्या घरी एकट्या राहत होत्या. त्यांना कळल्यावर त्या पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "लेंक गेला, आतां सूनही समुद्रापार. मज कोण बघेल?" मी दर रविवारी त्यांच्याकडे जाईन असं कबूल केलं. फिनलंडमधल्या एका विद्यापीठाने शिष्यवृत्तीसह प्रवेश दिला आणि ती गेली.

पहिला फोन आला तो वसतिगृहाच्या सामायिक स्वयंपाकघरातून. मागे कुठल्यातरी पोरांचा दंगा चालला होता. एक व्हिएतनामची मुलगी, एक घानाचा मुलगा, दोन इटालियन... सगळी अनूच्या वयाची, आणि तिला सरळ 'चित्रा' म्हणून हाक मारणारी. तिला त्याची गंमत वाटत होती. रसम करून तिने सगळ्यांना पाजलं होतं. मग आवाज बदलला. "वैजू, इथे नळाला तोंड लावून पाणी पितात गे. मी प्यायले... आणि मला रडूच आलं. ही मुलं घाबरली." हिवाळ्यात ती गोठलेल्या तळ्यावर बर्फाला भोक पाडून पाण्याचे नमुने घ्यायला जायची. तिने व्हिडिओ पाठवला होता. लाल जाकिटातली आमची चित्राक्का, पांढऱ्या मैदानात ठिपक्याएवढी. त्या तळ्यात मासे होते, वनस्पती होत्या, उन्हाळ्यात डासांचे ढग उठायचे. शिक्षकांनी वर्गात सांगितलं की ज्या पाण्यात काहीच जगत नाही त्याची आधी भीती वाटायला हवी. हे तिने मला फोनवर सांगितलं. मग ती हळूच म्हणाली, "आमच्या डबक्यात डास होत नव्हते, वैजू."

त्या सुट्टीत ती आली ती रिकाम्या बाटल्या घेऊन. आम्ही दोघी आवडीला गेलो. तिच्या घरच्या बोअरचं पाणी घेतलं, टेलरच्या घरचं घेतलं, दुकानदाराचं घेतलं, भिंतीपाशी खाली बसून डबक्याच्या सुकलेल्या जागेची माती घेतली. गल्लीतल्या बायका दारांत उभ्या राहून पाहत होत्या. आत्याबाई पायरीवर बसून म्हणाल्या, "हेंच पाणी पिऊन मी एवढी म्हातारी झालें. मज काय झालें?" सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. त्यांच्या हाताला तेव्हा प्लास्टर होतं. मोरीत बसकण मारताना मनगट मोडलं होतं, आणि त्याच्या आदल्या वर्षी दुसरं. वय झालं की हाडं मोडतात, यात कोणाला काही वाटलं नव्हतं. मलाही नाही. चित्राक्का मात्र त्या प्लास्टरकडे पाहत राहिली.

निकाल आला तेव्हा इथे पावसाचे दिवस होते. दुपारी शाळेत तिचा फोन आला. ती इतक्या शांतपणे बोलत होती की मला धडकी भरली. पाण्यात कॅडमियम होतं. मुलामा चढवताना वापरतात तो धातू. पाणी पाहायला स्वच्छ, चवीला गोड, आणि त्यातलं कॅडमियम वर्षानुवर्षं शरीरात साठत जातं. आधी मूत्रपिंडात, मग हाडांत. डबक्याच्या मातीत तर त्याचं प्रमाण एवढं होतं की तिथल्या प्राध्यापकांनी चाचणी चुकली असं समजून पुन्हा करायला लावली. पुन्हा तेच आलं. "हे पाणी कुठलं आहे?" असं त्यांनी विचारलं. ती मला म्हणाली, "मला कळेना कसं सांगू... मग मी म्हटलं, माझ्या घरचं."

आणखी एक गोष्ट तिने त्या दिवशी सांगितली नाही. तिचेही घोटे सुजत होते. विद्यार्थ्यांच्या दवाखान्यात तिने रक्त तपासून घेतलं होतं. मूत्रपिंडांचं काम निम्म्याहून कमी राहिलं होतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला समजावलं की इथेच राहा, उपचार होतील. प्राध्यापकांनी पुढच्या संशोधनासाठी जागा देऊ केली. हे सगळं मला कळलं ते पदवी घेऊन ती परत आल्यावर, विमानतळावरून घरी येताना, टॅक्सीत. मी तिच्यावर ओरडलेच. "मग आलीस कशाला? राहायचं होतंस तिकडं!" अनू पुढच्या सीटवर होती, तिने मागे वळून पाहिलं नाही, पण तिचे खांदे हलत होते. चित्राक्का खिडकीतून बाहेर पाहत म्हणाली, "माझं काय व्हायचं ते झालंय. त्या गल्लीत आज सकाळी कोणीतरी बाळाच्या दुधात ते पाणी घातलंय."

गल्लीच्या तोंडाशी पिळ्ळैयारचं, म्हणजे गणपतीचं छोटं देऊळ आहे. तिथल्या ओट्यावर तिने एका रविवारी सगळ्यांना बोलावलं. मी तिच्या शेजारी बसले होते. तिने सोप्या तमिळमध्ये सांगितलं, कागद दाखवले, विकतच्या कॅनचं पाणी प्या म्हणाली, पोरांची तपासणी करून घ्या म्हणाली. मग टेलरचा भाऊ उठला. "हे बाहेर कळलं तर आमची घरं कोण घेईल?" दुकानदार म्हणाला, "माझ्या मुलीचं ठरत आलंय, अक्का. या गल्लीतली म्हटल्यावर तिला कोण करून घेईल?" कोणीतरी मागून बोललं की परदेशात जाऊन स्वतः आजार घेऊन आली आणि आता आमच्या पाण्याला नावं ठेवते. चित्राक्का उभी राहिली तेव्हा तिला घाम फुटला होता. "मी डोळ्यांनी पाहिलंय," एवढंच म्हणाली. तेवढ्यात आत्याबाई सर्वांसमोर म्हणाल्या, "चित्रा, पुरे कर. मी अहें ना जिवंत?" सभा तिथेच संपली. लोक घरी गेले, आणि समोरच्या बोअरच्या नळावर लगेच घागरी लागल्या. त्या घागरी भरण्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

त्यानंतरचे महिने वाईट होते. ती अर्ज करत राहिली, कार्यालयांच्या पायऱ्या चढत राहिली, प्रत्येक जिन्यावर थांबून दम खात राहिली. गल्लीत गेली की दारं लागायची. एकदा तिच्या दारातल्या नारळाच्या बुंध्याशी कोणीतरी तिने वाटलेली पत्रकं फाडून टाकली होती. आत्याबाई तिच्याशी बोलत होत्या, पण पाण्याचा विषय निघाला की जपमाळ हातात घ्यायच्या. मग एके सकाळी त्या नुसत्या खाटेवरून उतरल्या आणि मांडीचं हाड मोडलं. पडल्या नाहीत, घसरल्या नाहीत. उतरल्या, एवढंच. शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर आल्यावर त्यांनी चित्राक्काचा हात धरला आणि म्हणाल्या, "माझें काय तें तपासून बघ." चित्राक्का म्हणाली, "आत्याबाई, वयानेही मोडतं. मी खात्री देऊ शकत नाही." "बघ म्हणतें ना."

तपासलं. त्यांच्याही शरीरात कॅडमियम होतं. ज्या बाईकडे बोट दाखवून गल्ली निर्धास्त होती तिच्याच हाडांत ते बसलं होतं. हे गल्लीला सांगायला चित्राक्काला जावं लागलं नाही, आत्याबाईंनी स्वतः वॉकर टेकत दारोदार जाऊन सांगितलं. दुकानदाराने त्या रात्री पहिल्यांदा कॅन मागवला. पुढे सरकारी माणसं येऊन पाणी तपासून गेली, गल्लीतल्या बोअरना झाकणं लागली, रोज सकाळी टँकर यायला लागला. चित्राक्काचं डायलिसिस तोवर सुरू झालं होतं. मूत्रपिंड द्यायला अनू तयार होती. चित्राक्काने ऐकूनही घेतलं नाही. "तीही तेच पाणी पिऊन वाढलीय. तिला तिची दोन्ही लागतील," म्हणाली, आणि या वाक्यानंतर तिच्या घरात कोणी तो विषय काढला नाही.

मी तिच्याविषयी कधीतरी लिहीन हे तिला ठाऊक होतं. एकदा बजावलंही होतं. "पाण्याने मारलं असं लिहू नकोस. माझ्या बाबतीत ते सिद्ध झालेलं नाही. शक्यता आहे, असं लिही." मी चिडले होते तेव्हा. नवरा गेला, सासूची हाडं गेली, स्वतः अशी झालीस, आणि अजून शक्यता? ती शांतपणे म्हणाली, "एक शब्द जास्त बोलले की ते सगळं खोटं ठरवतील, वैजू." म्हणून मी इथेही तसं लिहीत नाही. शक्यता आहे.

तिच्या पश्चात पलीकडच्या गल्लीतलं पाणी अनूने आणि मी गोळा करून तपासायला दिलं आहे. रिक्षावाल्याच्या बायकोने दार उघडलं, चित्राक्काचं नाव ऐकून आत घेतलं. निकाल अजून यायचा आहे. अनूचे रिपोर्ट आज तरी चांगले आहेत. 'आज तरी' हे शब्द डॉक्टरांचे. ती रोज कामावर जाते, आईचे कपडे घड्या करून ठेवते, आणि सकाळी उठल्यावर आरशात स्वतःचा चेहरा जरा जास्तच वेळ पाहते. हे मी एकदा तिच्याकडे राहिले असताना पाहिलं, आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

गेल्या रविवारी आम्ही दोघी आत्याबाईंना वेस्ट मांबलमला घेऊन यायला आवडीला गेलो. बॅग भरून ठेवा असं अनूने फोनवर सांगितलं होतं. गल्लीत शिरलो तर मागची ती उंच भिंत पाडलेली. कारखान्याच्या जागेत सपाट केलेली लाल माती, फ्लॅटच्या जाहिरातीचा मोठा रंगीत फलक, आणि मधोमध बोअर मारायची गाडी उभी. करडा चिखल उडत होता. काही वेळाने चिखल थांबला आणि पाणी लागलं. लख्ख, थंडगार पाणी. कामगार ओंजळी भरून तोंडावर मारू लागले.

आत्याबाई घरात नव्हत्या. त्या कडेला, कडुलिंबाच्या सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या, वॉकर समोर. शेजारचा माणूस म्हणाला, काम सुरू झाल्यापासून रोज सकाळी इथेच येऊन बसतात. एका गवंड्याची बायको लहान मुलीला कडेवर घेऊन घागर भरायला आली होती, आणि आत्याबाई तिला तमिळमध्ये सांगत होत्या, मधेच मराठीत घसरत होत्या. "हें नको गे. पोरीला तर अजिबात नको. धुवायलाही नको." ती बाई हसली, आजी म्हणून हाक मारत म्हणाली, "पाट्टी, बघा तरी किती स्वच्छ आहे." आणि तिने ओंजळ पुढे केली. खरंच स्वच्छ होतं. आत्याबाईंनी ती ओंजळ हाताने खाली लोटली आणि अनूकडे वळल्या. "घरांतला कॅन आण. हिला त्यांतलें भरून दे."

"आजी, तुम्हाला न्यायला आलोय आम्ही," अनू म्हणाली. "बॅग कुठे आहे?"

"मी कोठें येऊं?" त्या म्हणाल्या. "चित्रा नाही. ह्यांना सांगणार कोण?"

अनू कॅन आणायला आत गेली. गाडीचं यंत्र पुन्हा सुरू झालं. त्या आवाजात आत्याबाई काय बोलतायत ते मला ऐकू येईना, पण त्यांचे ओठ हलत होते, आणि मातीच्या ढिगांमागून आणखी दोन बायका घागरी घेऊन येताना दिसल्या.